बिनतारीचे हरकारे

तार आणि आगगाडी येण्यापूर्वी आपल्या देशात टपाल पायी जात असे. डाकेचा हरकारा खांद्यावर पिशवी घेऊन पळत सुटे. ठरलेल्या चौकीवर दुसरा हरकारा तयार उभा असे. तो पिशवी घेई आणि पुढची चौकी गाठी. एका माणसाच्या पायांना जे अंतर कापणे अशक्य, ते अनेकांच्या पायांनी सहज कापले जाई. हीच जुनी युक्ती विसाव्या शतकात एका अमेरिकन गृहस्थाने विजेच्या लहरींना लावली आणि तिच्यातून जगभर पसरलेले एक मित्रमंडळ उभे राहिले. त्या गृहस्थाचे नाव हायरम पर्सी मॅक्सिम.

मॅक्सिम यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन शहरी झाला. त्यांचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे मोठे कल्पक यंत्रज्ञ होते. आपोआप गोळ्या झाडणारी मशीनगन पुढे त्यांनीच तयार केली. घरात यंत्रांचाच विषय चाले. त्यामुळे पर्सीला चाके, दांडे व तारा यांची ओढ लहानपणीच लागली. परंतु पर्सी सुमारे बारा वर्षांचा असताना, १८८१ साली, वडील युरोपात गेले व पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. त्यानंतर बापलेकांचा सहवास फारसा घडला नाही. मुलगा आईजवळ वाढला आणि १८८६ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतच, बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतून यंत्रविद्येचे शिक्षण पुरे करून बाहेर पडला.

शिक्षणानंतर मॅक्सिम लिन या गावी एका कारखान्यात काम करू लागले. १८९२ साली एका रात्री ते सेलेम गावाहून सायकलवरून परतत होते. पाय दमले होते आणि रस्ता लांबचा होता. तेव्हा त्यांच्या मनात आले की, पायांऐवजी एखादे छोटेसे इंजिन ही चाके फिरवू लागले तर किती बरे होईल! झाले, त्यांनी स्वतःच्या हाताने इंजिन घडवावयास आरंभ केला. फावल्या वेळात ते एकट्यानेच खपत. घोड्यावाचून चालणारी गाडी करण्याचा विचार जगात आपल्यालाच सुचला आहे, असे त्यांना वाटे. वस्तुतः त्याच सुमारास जर्मनीत बेंझ व डाइमलर आणि खुद्द अमेरिकेत दुऱ्ये बंधू व इतर अनेक जण त्याच प्रश्नाशी झुंजत होते. एकाच्या चुका दुसऱ्याला ठाऊक नव्हत्या आणि एकाला सापडलेली वाट दुसऱ्याला दिसत नव्हती. प्रत्येक जण तीच ठेच पुन्हा खात होता. एकट्याने खपण्याचा हा अनुभव मॅक्सिम यांना पुढील कार्यात फार उपयोगी पडला.

१८९५ साली हार्टफर्ड येथील पोप कंपनीने आपल्या मोटारगाड्यांच्या कामासाठी त्यांना बोलावून घेतले. कनेक्टिकट राज्यातील हे हार्टफर्ड शहरच पुढे त्यांची कर्मभूमी झाले. १९०९ साली त्यांनी बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या साधनाचे पेटंट मिळविले. वडिलांची मशीनगन कानठळ्या बसवी, तर मुलाचे साधन आवाज गिळून टाकी! तेच तत्त्व त्यांनी इंजिनांच्या धडधडाटालाही लावले. याप्रमाणे धन व कीर्ती मिळालेला हा चाळिशीतील यंत्रज्ञ एका नव्याच छंदाकडे वळला, तो मात्र आपल्या मुलामुळे.

त्या काळी बिनतारी संदेशवहनाने साऱ्या जगाला वेड लावले होते. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनी यांनी इंग्लंडहून निघालेला संकेत अटलांटिक महासागरापलीकडे ऐकल्याची वार्ता पसरली आणि गावोगावची मुले माळ्यावर, तळघरात, गोठ्यात बिनतारी यंत्रे जुळवू लागली. तारेचे वेटोळे, काचेच्या बाटल्या, पितळेचे गोळे आणि छपरावर ताणलेली लांब तार एवढ्या सामग्रीवर यंत्र उभे राही. कळ दाबली की दोन गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी कडाडे आणि तिच्यापासून उठलेल्या अदृश्य लहरी चहूकडे पसरत. थोडा वेळ दाबलेली कळ म्हणजे टिंब. जास्त वेळ दाबलेली म्हणजे रेघ. आपल्या कवितेत लघू व गुरू अक्षरांनी वृत्त बांधतात, त्याप्रमाणे या टिंबरेघांच्या जुळणीतून मोर्सच्या लिपीतील प्रत्येक अक्षर तयार होई. दूरच्या घरी कानाला श्रवणयंत्र लावून बसलेला दुसरा एखादा मुलगा ती अक्षरे टिपून घेई.

परंतु या हौशी मंडळींस मोठी अडचण होती. १९१२ साली अमेरिकेत नवा कायदा झाला. प्रत्येक केंद्रास परवाना आवश्यक ठरला आणि हौशी लोकांनी २०० मीटरांहून लांब लहरी वापरू नयेत, असे बंधन पडले. त्या काळच्या तज्ज्ञांच्या मते लहर जितकी लांब, तितका तिचा पल्ला मोठा. तेव्हा निरुपयोगी मानलेल्या आखूड लहरी हौशी लोकांच्या पदरात टाकल्या गेल्या. खडकाळ जमीन वाट्यास आलेल्या शेतकऱ्यासारखी त्यांची गत झाली. फार तर काही मैलांपर्यंत बोलावे आणि तेवढ्यावर समाधान मानावे, असा तो प्रकार होता.

मॅक्सिम यांचा मुलगा हायरम हॅमिल्टन यालाही बिनतारीचा छंद लागला. त्याला मदत करणारा क्लॅरेन्स टस्का हा हार्टफर्डमधील एक विद्यार्थी होता. तो या विद्येत चांगलाच तरबेज होता. मुलाची खटपट पाहता पाहता वडीलच त्या छंदात रंगून गेले. चव्वेचाळीस वर्षांचे नामांकित यंत्रज्ञ आणि विशीही न गाठलेला टस्का हे एकमेकांचे सहकारी झाले. वयाचा, पैशाचा किंवा पदवीचा प्रश्न तेथे कोणास आठवला नाही. ज्याला येत होते त्याने शिकवावे आणि ज्याला येत नव्हते त्याने शिकावे, एवढाच नियम होता. १९१४ च्या आरंभी या मंडळींनी हार्टफर्डचे बिनतारी मंडळ स्थापन केले.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात एक साधी घटना घडली. मॅक्सिम यांना बिनतारी यंत्रासाठी ऑडिऑन नावाची काचेची नलिका हवी होती. ती विकत मिळण्यासारखी आहे, असे कळल्यावरून त्यांनी स्प्रिंगफील्ड शहरातील एका हौशी गृहस्थास संदेश पाठविण्याचे ठरविले. अंतर अवघे चाळीस किलोमीटरांचे. यंत्र चांगले शक्तिमान. परंतु त्या रात्री काही केल्या स्प्रिंगफील्डला संकेत पोहोचेना. मॅक्सिम कळ दाबून थकले. तेव्हा त्यांना आठवले की, वाटेतील विंडसर लॉक्स या गावी एक हौशी केंद्र आहे. त्यांनी त्या केंद्रास हाक दिली व आपला संदेश पुढे देण्याची विनंती केली. तो गृहस्थ आनंदाने तयार झाला आणि संदेश स्प्रिंगफील्डला पोहोचला.

अशी अडचण अनेकांस आली असेल आणि काम झाल्यावर ती अनेकजण विसरूनही गेले असतील. मॅक्सिम विसरले नाहीत. एका केंद्राने दुसऱ्यास आणि दुसऱ्याने तिसऱ्यास संदेश द्यावयाचा ठरविले, तर चाळीस किलोमीटरच काय, सारा देश ओलांडता येईल, असे त्यांच्या ध्यानात आले. मात्र त्यासाठी कोण कोठे राहतो, कोणाचे यंत्र किती शक्तीचे आहे आणि तो कोणत्या वेळी यंत्रापाशी बसतो, हे सर्वांना ठाऊक हवे. देशभर विखुरलेल्या एकेकट्या मुलांना एकमेकांची नावे कळली पाहिजेत. आपण एकटे नाही, हे त्यांना समजले पाहिजे.

एप्रिल महिन्यातच त्यांनी ही कल्पना हार्टफर्डच्या मंडळापुढे ठेवली. मंडळाने तिला मान्यता दिली. नव्या संस्थेचे नाव ठरले अमेरिकन रेडिओ रिले लीग. रिले म्हणजे हरकाऱ्यांसारखी टप्प्याटप्प्याची पोच. मॅक्सिम व टस्का यांनी ठिकठिकाणच्या हौशी लोकांना पत्रे व अर्ज धाडले. काही महिन्यांतच दोनशेहून अधिक केंद्रे सामील झाली आणि त्यांची यादी छापून सर्वांना देण्यात आली. १९१५ च्या डिसेंबरात क्यूएसटी नावाचे मासिक निघू लागले. तारायंत्राच्या संकेतभाषेत या तीन अक्षरांचा अर्थ, सर्व केंद्रांनी ऐकावे, असा होतो. आरंभी या मासिकाचा भार मॅक्सिम व टस्का यांनीच उचलला.

मासिकातून यंत्रांच्या आकृत्या येत, प्रयोगांची माहिती येत असे आणि गंमतही असे. स्वतःस म्हातारबुवा म्हणवून घेणारा एक लेखक त्यात चिडचिड्या स्वरात लिही. दुसऱ्याचे बोलणे चालू असता मध्येच कळ बडविणाऱ्यांवर, मोर्सची अक्षरे वेडीवाकडी पाठविणाऱ्यांवर आणि उगाच हवा अडवून बसणाऱ्यांवर तो तुटून पडे. अशा उर्मटांना वठणीवर आणण्यासाठी वूफ हाँग नावाचे एक भयंकर हत्यार असल्याचेही त्याने लिहिले. पुढे त्या नावाचे, तारेने बांधलेले एक चमत्कारिक लाकडी साधन लीगच्या कचेरीत येऊन पोहोचले! ते कसे वापरावयाचे, हे कोणासच उमगले नाही. पण हसता हसता सर्वांना शिस्तीचा धडा मिळाला. हवा सर्वांची आहे, तेव्हा प्रत्येकाने आपली पाळी पाहून बोलावे, हाच तो धडा होय. म्हातारबुवा म्हणजे स्वतः मॅक्सिमच होते. ही गोष्ट वाचकांना कळली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

टप्प्यांची साखळी लवकरच पक्की झाली. ६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कहून निघालेला संदेश हौशी केंद्रांच्या हातून पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिसला पोहोचला आणि त्याचे उत्तर परत आले. जाऊन येऊन वेळ लागला तो एक तास वीस मिनिटांचा. निरुपयोगी ठरविलेल्या २०० मीटरांच्या लहरींनी सारे खंड ओलांडले होते.

परंतु हा आनंद अल्पकाळच टिकला. दोनच महिन्यांनी, एप्रिल १९१७ मध्ये, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सर्व हौशी केंद्रे बंद करण्याचा हुकूम सुटला. छपरांवरील तारा खाली उतरल्या. सुमारे ४,००० हौशी तरुण सैन्यात व आरमारात दाखल झाले. छंद म्हणून शिकलेली विद्या देशाच्या कामी आली. काही काळाने क्यूएसटी मासिकही बंद पडले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले. पण बंदी उठली नाही. उलट, देशातील बिनतारीचा सारा कारभार आरमाराच्या हाती द्यावा, असे विधेयक अमेरिकेच्या लोकसभेपुढे आले. ते संमत झाले असते, तर हौशी बिनतारीचा तेथेच शेवट झाला असता. सभासद पांगलेले होते, मासिक बंद होते आणि लीगच्या तिजोरीत जेमतेम पैसा होता. या प्रसंगी मॅक्सिम मागे हटले नाहीत. ते वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी लोकसभेच्या समितीपुढे हौशी मंडळींची बाजू मांडली. लीगने सभासदांच्या घरोघरी आवाहन पाठविले. जे तरुण युद्धावरून परतले नव्हते, त्यांच्या आईवडिलांनी प्रतिनिधींना पत्रे लिहिली. पत्रांचा असा वर्षाव झाला की, ते विधेयक मागे पडले.

तरीही वाट पाहणे संपले नव्हते. मॅक्सिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सभासदांकडून कर्जाऊ पैसा उभारला, मासिक लीगच्या मालकीचे करून घेतले व ते पुन्हा सुरू केले. पैसे देणाऱ्या सभासदांना, यंत्र पुन्हा कधी चालू करता येईल, हे ठाऊक नव्हते. तरी त्यांनी दिले. अखेर १ ऑक्टोबर १९१९ रोजी बंदी उठली आणि अडीच वर्षे मुकी झालेली हवा पुन्हा बोलू लागली.

आता मॅक्सिम यांची दृष्टी समुद्रापलीकडे गेली. १९२१ च्या डिसेंबरात लीगने पॉल गॉडली या निष्णात बिनतारीकाराला स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन गावी पाठविले. समुद्रकिनाऱ्यावर बोचऱ्या थंडीत तंबू ठोकून त्यांनी रात्रीमागून रात्र कान देऊन काढली आणि अमेरिकेतील सुमारे तीस हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. ऐकणे साधले, उत्तर देणे बाकी होते. तेही १९२३ च्या नोव्हेंबरात घडले. फ्रान्समधील नीस येथील लेओं देलॉय यांचा व अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांचा अटलांटिकपलीकडून संवाद झाला. याच रात्री जॉन राइनार्ट्झ हेही त्यात सामील झाले. या वेळी वापरलेल्या लहरी १०० मीटरांच्या आसपासच्या होत्या.

येथे एक मोठे नवल उघड झाले. आखूड लहरी जमिनीलगत फार दूर जात नाहीत, हे तज्ज्ञांचे म्हणणे चूक नव्हते. परंतु पृथ्वीभोवती उंचावर विद्युत्भारित कणांचे थर आहेत. भिंतीवर आपटलेला चेंडू परत यावा, त्याप्रमाणे या लहरी त्या थरांवरून खाली वळतात आणि हजारो किलोमीटरांवर उतरतात. या थरांना आयनांबर म्हणतात. १९२४ च्या ऑक्टोबरात तर न्यूझीलंड व इंग्लंड या पृथ्वीच्या दोन टोकांवरील हौशी केंद्रांचा परस्परांशी संवाद झाला. टाकाऊ म्हणून मिळालेल्या खडकाळ जमिनीतच खजिना निघाला होता आणि तो हाती लागला होता तो खपत राहिलेल्या हौशी लोकांना.

एप्रिल १९२५ मध्ये पॅरिस येथे वीसहून अधिक देशांतील हौशी मंडळी जमली. त्यांनी आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन केला व अध्यक्षपदी मॅक्सिम यांची निवड केली. काही वर्षांपूर्वी ज्या देशांचे सैनिक एकमेकांवर तोफा डागत होते, त्या देशांतील लोक आता रात्री यंत्रापाशी बसून परस्परांचे क्षेमकुशल विचारू लागले. ज्यांची तोंडेही कधी पाहिली नाहीत, अशांशी स्नेह जडू लागला.

लीग व हा संघ या दोहोंचे अध्यक्षपद मॅक्सिम यांनी अखेरपर्यंत सांभाळले. १९२६ साली हौशी चित्रपटकारांचीही एक संस्था त्यांनी स्थापन केली. एकेकट्याने धडपडणारी माणसे दिसली की त्यांची गाठ घालून द्यावी, हा त्यांचा स्वभावच झाला होता. आकाशातील तारे पाहण्याचाही त्यांना नाद होता. १९३६ च्या फेब्रुवारीत ते पत्नीसह कॅलिफोर्नियातील वेधशाळा पाहण्यासाठी आगगाडीने निघाले. वाटेत त्यांची प्रकृती बिघडली आणि कोलोरॅडो राज्यातील ला हुंटा गावी १७ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर जेमतेम एक महिना लोटला असेल. १९३६ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात नद्यांना महापूर आले. हार्टफर्डजवळून वाहणारी कनेक्टिकट नदीही त्यांतून सुटली नाही. ठिकठिकाणी तारेचे व टेलिफोनचे खांब कोसळले. अशा वेळी हौशी मंडळी आपापल्या यंत्रांपाशी बसली. कोठे औषध हवे, कोठे नाव हवी, कोण सुखरूप आहे, हे निरोप त्यांनी एका केंद्राकडून दुसऱ्याकडे पोहोचविले. साखळी बांधणारा गेला होता. साखळी तुटली नव्हती.

मॅक्सिम यांच्या स्मरणार्थ १९३८ साली हार्टफर्डजवळील न्यूइंग्टन येथे एक बिनतारी केंद्र उभारण्यात आले. मॅक्सिम यांचे स्वतःचे डब्ल्यू-१-एडब्ल्यू हेच संकेतनाम त्याला देण्यात आले. नवशिक्यांनी मोर्सची लिपी ऐकून शिकावी, म्हणून त्या केंद्रावरून सरावाचे धडे आजही प्रक्षेपित होतात.

हा छंद आपल्या देशातही रुजला आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी अंदमान व निकोबार बेटांची वाताहत केली, तेव्हा भारतीय हौशी रेडिओकारांचा एक गट पोर्ट ब्लेअर येथे होता. त्यांनी आपल्या यंत्रांवरून बेटावरील लोकांची खबर मुख्य भूमीवरील आप्तांना कळविली. ५ मे २००५ रोजी भारताने हौशी मंडळींसाठी हॅमसॅट नावाचा छोटा उपग्रहही अवकाशात सोडला.

मुलांनो, भारतात १९७८ साली हौशी रेडिओचे जे नियम झाले, त्यांत परवान्याच्या परीक्षेसाठी वयाची अट बारा वर्षांची ठेवली होती. म्हणजे तुमच्याच वयाची मुले या मंडळात प्रवेश करू शकतात, असे नियम करणाऱ्यांनी मानले. त्यासाठी विजेचे प्राथमिक ज्ञान हवे, नियमांची माहिती हवी आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेण्याची सवय हवी. विंडसर लॉक्सच्या त्या अनोळखी गृहस्थाकडे मोठे यंत्र होते की लहान, याची आज कोणी चौकशी करीत नाही. रात्रीच्या वेळी आलेली हाक त्याने ऐकली आणि निरोप पुढे पोहोचविला, एवढे मात्र त्याचे काम लक्षात राहिले आहे.